दुपारी मिटणारा विमानतळ

लेहमध्ये विमानांचा दिवस उजाडताच सुरू होतो आणि दुपार कलायच्या आत आटोपतो. सकाळी एकामागून एक विमानं उतरतात, तास-पाऊण तासात पुन्हा भरतात आणि दिल्लीच्या, चंदीगडच्या, श्रीनगरच्या वाटेला लागतात. दुपारनंतर धावपट्टीवर नागरी विमान सहसा दिसत नाही. सकाळचं विमान काही कारणाने हुकलं तर संध्याकाळी दुसरं मिळेल, ही आपली शहरी सवय इथे उपयोगाची नाही. हुकलं तर उद्या, तेही जागा असेल तर.

याचं कारण वाऱ्यात आहे. सिंधूच्या खोऱ्यातल्या डोंगरांवर झाड नाही, गवत नाही. ऊन चढलं की ते भराभर तापतात. तापलेली हवा उतारावरून वर सरकते आणि तिची जागा भरून काढायला खालच्या अंगाने, पश्चिमेकडून, वारा खोऱ्यात शिरतो. दुपारी तो जोर धरतो. प्रवासी विमानाला इथे उतरायचं असतं तेही पश्चिमेकडूनच, पूर्वेला तोंड करून. धावपट्टीच्या पूर्वेला जमीन चढत जाते आणि पुढे डोंगर उभे आहेत. त्या अंगाने मोठं विमान आणताही येत नाही आणि उठवताही येत नाही. म्हणजे उतरताना दुपारचा वारा बरोबर पाठीमागून लागतो. पाठीवरच्या वाऱ्यात विमान जमिनीला टेकतं ते जास्त वेगाने, आणि थांबायला जास्त जागा मागतं. उड्डाण याच्या उलट, पश्चिमेकडे. थोडक्यात, आत यायचं आणि बाहेर पडायचं दार एकच. अशा धावपट्टीवर, उतरता उतरता काही बिनसलं तर परत वर चढून वळायलाही जागा बेताचीच असते. म्हणून सगळं काम सकाळच्या शांत हवेत उरकायचं.

ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर, म्हणजे १०,६८२ फुटांवर आहे. लांबी साधारण पावणेतीन किलोमीटर. नियंत्रण रेषा आणि प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, पाकिस्तानच्या अंगाची एक आणि चीनच्या अंगाची दुसरी, या दोन्ही इथून सरळ हवाई अंतराने सुमारे शंभर किलोमीटरवर येतात. विमानतळ हवाई दलाचा आहे. नागरी प्रवाशांना त्यातला एक तुकडा मिळालेला आहे. मे-जूनमध्ये महाराष्ट्रातून हजारो माणसं या तुकड्यातून ये-जा करतात आणि पँगाँग सरोवराच्या ओढीने पुढे निघतात. या जागेचं मोल मात्र जानेवारीत कळतं. मला या लेखात प्रामुख्याने त्या जानेवारीबद्दल सांगायचं आहे. पण तिथे जायची वाट जूनमधून जाते.

दिल्लीहून विमान निघालं की तासाभराच्या आतच खाली हिमालय सुरू होतो. हवा स्वच्छ असेल तर डाव्या अंगाला दूरवर नुन आणि कुन ही जोडशिखरं दिसतात. दोन्ही सात हजार मीटरच्या वर. खिडकीपाशी बसलेल्यांचे मोबाइल हातात येतात. ज्या डोंगरांमुळे हे दृश्य दिसतं, त्याच डोंगरांमुळे हा मार्ग वैमानिकांसाठी अवघड आहे. सपाट प्रदेशावर विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला, तर छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात आणि वैमानिक विमान झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. तिथे माणूस मुखवट्याविना श्वास घेऊ शकतो. नेहमीच्या मुखवट्यांतला प्राणवायू जेमतेम पाव तास पुरतो, आणि एरवी तेवढा पुरेसा असतो. इथे दहा हजार फुटांवर जायचं कुठे? खाली शिखरंच वीस हजार फुटांवर आहेत. म्हणून या वाटेवर कुठल्या क्षणी काय झालं तर कुठल्या दिशेने निसटायचं, हे आधीच आखलेलं असतं, आणि लेहला विमान नेणाऱ्या वैमानिकांना त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. गाडी काढून घाटात जाण्याइतक्या सहजपणे आपण ज्या विमानात बसतो, त्यामागे एवढी तयारी असते.

उतरतानाची शेवटची काही मिनिटं विसरता येत नाहीत. विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरतं, दोन्ही बाजूंचे तपकिरी उतार खिडकीच्या वर चढू लागतात, खाली नदीकाठची हिरवी पट्टी दिसते, आणि एका टेकडीच्या माथ्यावर, पंखाच्या जवळजवळ समोरासमोर, पांढऱ्या भिंतींचा गोंपा येतो. हा स्पितुक. एकोणिसावे कुशोक बकुला रिंपोछे याच मठाचे प्रमुख होते, आणि विमानतळाला नाव आहे ते त्यांचंच. लडाखच्या सार्वजनिक जीवनात गेल्या शतकात त्यांच्याएवढं वजन असलेली माणसं थोडी. लोकसभेत त्यांनी लडाखचं प्रतिनिधित्व केलं, १९९० ते २००० या काळात मंगोलियात भारताचे राजदूत राहिले, आणि साम्यवादी राजवटीत दडपल्या गेलेल्या तिथल्या बौद्ध परंपरेला पुन्हा उभं करायला हात दिला. २००३ साली ते गेले. भिक्खूचं नाव, त्यांच्याच मठाच्या पायथ्याशी धावपट्टी, आणि त्या धावपट्टीवर रांगेने उभी असलेली लष्करी मालवाहू विमानं: गेल्या पाऊणशे वर्षांचं लडाख यात बरंचसं आलं.

दार उघडतं आणि पहिला श्वास नाकाला कोरडा लागतो. टर्मिनलमध्ये सामानाचा पट्टा फिरायला लागायच्या आधीपासून ध्वनिक्षेपकावर एकच सूचना चालू असते: आपण उंचावर आला आहात, पहिले एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, धावपळ करू नका, भरपूर पाणी प्या. भिंतींवरही तेच लिहिलेलं. तरी आपल्या माणसांची घाई काही सुटत नाही. एकदा पट्ट्यापाशी पुण्याकडचं एक कुटुंब उभं होतं. साठी ओलांडलेल्या आई भराभर पुढे गेल्या, बॅग ओढायला वाकल्या आणि तशाच कठड्याला धरून थांबल्या. ओठांवर निळसर झाक. "आई, बस तू खुर्चीवर. बॅगा मी आणते," मुलगी म्हणाली. "अगं, मला काही झालेलं नाही, जरा चक्कर आली." त्या बसल्या तेव्हा पिशवीतून चिवड्याचं पाकीट बाहेर डोकावत होतं, हवेने टम्म फुगलेलं, शिवण उसवायला आलेलं. बाहेरचा दाब कमी झाला की पाकिटातली हवा पसरते. माणसाच्या शरीरात काय होतंय ते असं डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. सुरक्षा दलाचा एक जवान पाण्याची बाटली घेऊन आला आणि हिंदीत म्हणाला, माताजी, आज फक्त झोपायचं. तो हे दिवसातून किती वेळा म्हणत असेल!

मुंबईचा माणूस सकाळी समुद्रकाठी चहा घेतो आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वातीन हजार मीटरवर उभा राहतो. इथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू सुमारे एक तृतीयांशाने कमी. श्रीनगरवरून झोजिला, कारगिल असं रस्त्याने आलं तर शरीराला दोन-तीन दिवस मिळतात. विमान ती सवड देत नाही. बहुतेकांचं डोकेदुखी आणि मळमळ यांवर भागतं. काहींच्या फुप्फुसात पाणी साचतं, क्वचित मेंदूला सूज येते, आणि मग तातडीने प्राणवायू देऊन खाली उतरवण्यावाचून इलाज नसतो. डायमॉक्सची गोळी घेतली म्हणजे झालं, अशी एक समजूत आपल्या सहलींच्या गटांत पसरली आहे. ती धोक्याची आहे. गोळी मदत करते, विश्रांतीची जागा घेत नाही. ज्यांना खरोखर त्रास होतो त्यांना लेहच्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयात नेतात. सगळे त्याला एसएनएम म्हणतात. हे सोनम नोरबू कोण, असं तिथे नेल्या जाणाऱ्या पर्यटकाला कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय तो पर्यटक विमानाने इथे आलाच नसता.

१९४८ चा हिवाळा. काश्मीरच्या युद्धात पाकिस्तानच्या बाजूने लढणारे टोळीवाले आणि गिलगिटकडचे बंडखोर सैनिक सिंधूच्या खोऱ्यातून वर सरकत होते. स्कर्दूला वेढा पडला होता. लेहमध्ये बचावाला नाव घेण्याजोगं सैन्य नव्हतं. झोजिला खिंड बर्फाने बंद. हिवाळ्यात तो ओलांडणं म्हणजे मरण ओढवून घेणं, असाच सर्वांचा समज. तरीही फेब्रुवारीत लाहौलचे पृथी चंद आणि त्यांच्याबरोबर चाळीसेक स्वयंसेवक जवान श्रीनगरहून निघाले, झोजिला पार केला आणि मार्चच्या सुरुवातीला लेहला पोहोचले. त्या तुकडीबरोबर सोनम नोरबू होते. लडाखचेच, शिकलेले स्थापत्य अभियंता. त्यांच्याकडे काम होतं एकच: विमान उतरेल अशी जागा तयार करणं.

यंत्रं नव्हती. मिळाली ती गावातली माणसं, फावडी, टोपल्या. स्पितुकच्या पायथ्याशी सिंधूकाठच्या वाळवंटी सपाटीवरचे दगडगोटे वेचून, जमीन ठोकून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत कच्ची धावपट्टी उभी राहिली. साधारण महिनाभरात. ज्या लोकांनी ती बांधली त्यांतल्या बहुतेकांनी विमान पाहिलेलंही नव्हतं. मे महिन्यात द्रास आणि कारगिलवर हल्ले झाले, आणि लेहचा श्रीनगरशी असलेला जमिनीवरचा दुवा तुटला. मनालीकडची वाट उंच खिंडींतली, पायी आणि घोड्यांची, आठवडे खाणारी. आता सैन्य आणायचं तर आकाशातूनच.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी श्रीनगरहून डकोटा उचललं. सोबत मेजर जनरल थिमय्या. डकोटाचा विचार करा: दोन पंख्यांचं, दुसऱ्या महायुद्धातलं मालवाहू विमान. आतली हवा दाबाखाली ठेवण्याची सोय नाही. पंखांवर साचणारं बर्फ काढायचं साधन नाही. या मार्गाचा विमानी नकाशा अस्तित्वातच नाही, कारण या मार्गाने कुणी उडालेलंच नव्हतं. झोजिला आणि फोतुला ओलांडायला तेवीस-चोवीस हजार फुटांवर जायचं, म्हणजे त्या विमानाच्या ताकदीच्या टोकाला. आणि एवढं करून उतरायचं कुठे, तर नदीकाठच्या वाळूवर, दहा हजार फुटांहून उंच, जिथे त्याआधी एकही चाक टेकलेलं नाही. थिमय्यांनी त्या विमानात बसणं हे मला मेहर सिंग यांच्या कौशल्याइतकंच मोठं वाटतं. सेनापतीच विमानात आहे म्हटल्यावर मागाहून येणाऱ्या वैमानिकांना आणि जवानांना आणखी काही सांगावं लागलं नसेल. लेहमध्ये अजून सांगतात की ते विमान पाहून गावकरी गवताचा भारा घेऊन पुढे आले, एवढ्या लांबून आलेल्या या प्राण्याला भूक लागली असेल म्हणून. हे खरंच घडलं की मागाहून रचलं गेलं, ठाऊक नाही. पाहुण्याच्या घोड्याला आधी वैरण घालणाऱ्या लोकांबद्दल ते सांगितलं जातं, एवढं पुरेसं आहे.

त्यानंतर डकोटांची रीघ लागली आणि गुरखा जवान लेहमध्ये उतरले. शहर वाचलं. नोव्हेंबरमध्ये झोजिलावर रणगाडे चढवून ती वाट परत मिळवली गेली, आणि रस्ता पुन्हा जोडला गेला. मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळालं. हवाई दलातलं ते पहिलं. १९५२ मध्ये विमान अपघातात ते गेले. सोनम नोरबू पुढे राज्याच्या राजकारणात आणि प्रशासनात मोठ्या पदांवर गेले. आज त्यांच्या नावाचं रुग्णालय आणि त्यांनी आखलेल्या पट्टीच्या जागेवरचा विमानतळ, दोन्ही एकाच गावात चालू आहेत. एका अभियंत्याच्या हातून याहून अधिक काय व्हावं?

लडाखच्या धावपट्ट्यांना पुन्हा पुन्हा सीमेने बोलावलं. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चंदीगडहून उडालेल्या एएन-१२ विमानांनी चुशूलला चक्क रणगाडे पोहोचवले. त्याच वर्षी दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांच्या वर, हवाई दलाचं पॅकेट विमान उतरलं. १९९९ चं कारगिल, २०२० चं गलवान: प्रत्येक वेळी लेहवरची लष्करी वर्दळ वाढली आणि चंदीगड-लेह हा हवाई दलाचा जणू रोजचा रस्ता झाला. सियाचीनवरच्या जवानाच्या ताटात जाणाऱ्या पदार्थांचा प्रवासही बऱ्याच वेळा इथूनच सुरू होतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये मात्र शत्रू वेगळा होता. ५ तारखेच्या रात्री ढगफुटी झाली, कोरड्या डोंगरांवरून चिखलाचे लोंढे आले, दोनशेहून अधिक माणसं गेली. एसएनएम रुग्णालयाच्या तळमजल्यात चिखल भरला. धावपट्टीवरही गाळ आला होता. तो हातांनी आणि यंत्रांनी उपसून मदतीची विमानं उतरवली गेली. रस्ते आणि पूल वाहून गेलेले असताना औषधं, डॉक्टर आणि तंबू आकाशातूनच येऊ शकत होते.

आता तो जानेवारी.

श्रीनगर-लेह रस्ता ४३४ किलोमीटरचा. त्यावरचा झोजिला ३,५२८ मीटरवर आहे, फार उंच नाही, पण तिथे बर्फ अमाप पडतं आणि कडे कोसळतात. मनालीकडचा रस्ता त्याहून उंच खिंडींतून येतो आणि हिवाळ्यात मिटतो. सीमा रस्ते संघटनेने अलीकडच्या वर्षांत झोजिला बंद राहण्याचे दिवस खूप कमी केले आहेत, हे मानायलाच हवं. त्यापूर्वी पाच-सहा महिने तो बंद असे. तरीही ऐन थंडीत सामान्य माणसाला भरवशाने लडाखबाहेर पडायचं तर विमान. आजारी माणूस एसएनएमच्या आवाक्याबाहेर गेला की त्याला चंदीगडच्या पीजीआयला किंवा दिल्लीला न्यावं लागतं. जम्मू, चंदीगड, दिल्लीत शिकणारी मुलं लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी येतात. लडाखी लोसार डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतो, बरोबर रस्ता मिटलेला असताना. ताजी भाजी हिवाळ्यात विमानाने येते आणि म्हणून महाग असते. घरोघर बटाटे, गाजर, मुळे जमिनीखालच्या खड्ड्यात पुरून ठेवायची आणि उन्हाळ्यातली पालेभाजी वाळवून ठेवायची रीत अजून टिकली आहे, ती काही केवळ परंपरा जपायची म्हणून नव्हे.

हिवाळ्यातलं ते टर्मिनल जूनमधल्या टर्मिनलसारखं दिसत नाही. टोप्या घातलेले पर्यटक नाहीत. लांब लोकरी गोंचा घातलेल्या बायका, कंबरेला घट्ट पट्टा, हातात जपमाळ. जवानांचे गट, सुट्टीवर निघालेले. कुणाच्या मांडीवर रुग्णालयाच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी, वर्तमानपत्रासारखी पुन्हा पुन्हा उघडली जाणारी. बाहेर ढग खाली आलेले असले की सगळ्यांचे डोळे काचेकडे. विमान दिल्लीहून निघालं, वर आलं, दोन घिरट्या घालून परत गेलं, असं इथे घडतं. मग काउंटरवर कुणी आरडाओरडा करत नाही. माणसं सामान उचलतात आणि उद्या परत येतात. कारण ढगाशी भांडता येत नाही, हे इथल्या माणसाला कळतं. भाड्याशी मात्र भांडावंसं वाटतं, आणि ते भांडण रास्त आहे. मार्ग थोडे, विमानं थोडी, मागणी अडलेल्या माणसाची, म्हणून तिकीट चढतं. सहलीला निघालेला माणूस महाग तिकीट पाहून तारीख बदलतो. आईला केमोथेरपीसाठी चंदीगडला नेणाऱ्याला ती सोय नाही.

सुरक्षेची काटेकोरी या विमानतळाची जुनी ओळख. एके काळी हातातलं सामान जवळपास बंदच होतं. आणि सोपवलेलं सामान वर्षानुवर्षं प्रवाशाने विमानात बसण्याआधी स्वतः ओळखून दाखवायचं असे: धावपट्टीच्या कडेला बॅगा रांगेत मांडलेल्या, प्रत्येकाने जाऊन आपल्या बॅगेवर बोट ठेवायचं, मग ती गाडीत चढायची. ज्या बॅगेवर कुणी बोट ठेवलं नाही ती मागे. बॅगेचा मालक विमानात नसेल तर ती उडणार नाही, हा त्यामागचा साधा हिशोब. थंडीत हात खिशातून बाहेर काढणं जिवावर येतं, तरी लोक निमूट उभे राहत. जर्दाळूंची खोकी, सुतळीने बांधलेली, एकमेकांसारखी दिसणारी. त्यांतून आपलं खोकं हुडकून काढणाऱ्या आजीबाईंना रांगेतला कुणीतरी अनोळखी तरुण मदत करी. आज प्रक्रिया बदलत गेली आहे, पण छायाचित्रणाला मनाई आणि तपासणीच्या अनेक पायऱ्या आहेत तशा आहेत. यात अडचण वाटून घेण्यासारखं मला काही दिसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, त्यांत लेह होतं, लडाखमधलंच थोईस होतं. अमृतसरचा माणूस रेल्वेने दिल्लीला जाऊ शकला. लेहला रेल्वे नाही.

२०२४ च्या जुलैअखेरीस विमानं रद्द झाली ती मात्र युद्धाने नव्हे आणि ढगानेही नव्हे. उन्हाने. लेहमध्ये पारा पस्तिशीच्या आसपास गेला आणि सलग काही दिवस उड्डाणं रद्द करावी लागली. ऐकून आपल्याला नवल वाटेल, कारण पस्तीस अंश म्हणजे नागपुरात सुखाचा दिवस. पण विमानाचे पंख आणि इंजिन दोन्ही हवेच्या दाटपणावर जगतात. लेहच्या उंचीवर हवा मुळातच विरळ, आणि तापली की आणखी विरळ होते. पस्तीस अंशांना लेहमधली हवा विमानाला पंधरा हजार फुटांच्या वरची वाटते. समुद्रकाठच्या विमानतळापेक्षा तिथे जमीन सोडताना विमानाला सुमारे चौथ्या हिश्शाने जास्त वेग लागतो, आणि तो वेग गाठायला इंजिनाकडे ताकद मात्र कमी असते. धावपट्टी तर तेवढीच. एरवीही लेहहून विमान पूर्ण भरून उडत नाही. काही आसनं रिकामी ठेवावी लागतात, कधी सामान मागे राहतं. उन्हाचा पारा वर सरकला तर भरता येणारी माणसं आणखी कमी. सकाळची वेळ वाऱ्याने आखून दिली होतीच. आता उन्हाने ती दुसऱ्या बाजूनेही आवळायला सुरुवात केली आहे. लडाखने हवेत सोडलेला धूर किती, आणि त्याची किंमत कुणाच्या तिकिटात येते, याचा विचार करताना मला राग येतो.

पर्यटकांसाठी लडाख १९७४ मध्ये खुलं झालं. त्या वर्षी ५२७ जण आले. २०२२ मध्ये तो आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. लडाखची स्वतःची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २,७४,२८९. म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणे जवळजवळ दुप्पट. नव्या, मोठ्या टर्मिनलची पायाभरणी २०१९ च्या ३ फेब्रुवारीला झाली. ते हवंच होतं, जुन्या इमारतीत जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसे. पण टर्मिनल मोठं झालं म्हणून धावपट्टी लांबत नाही, दुपारचा वारा थांबत नाही. वाढलेल्या जागा मे ते सप्टेंबरच्या गर्दीला मिळतात. बोगदे येत आहेत: सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा २०२५ च्या जानेवारीत खुला झाला, झोजिलाखालून सुमारे तेरा किलोमीटरचा खोदला जातोय, शिंकुला खिंडीखालच्याचंही काम सुरू झालं आहे. ते पूर्ण झाले की जानेवारीचा बराचसा भार रस्त्यावर जाईल. तोवर, आणि त्यानंतरही तातडीच्या रुग्णांसाठी, हा विमानतळच.

आणि लेहबद्दल एवढं लिहिल्यावर कारगिलबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्याच २०११ च्या जनगणनेत लेह जिल्ह्यात १,३३,४८७ माणसं होती, कारगिल जिल्ह्यात १,४०,८०२. कारगिल मोठं. कारगिललाही धावपट्टी आहे, नियंत्रण रेषेपासून अगदी जवळ, लेहपेक्षा बरीच तोकडी. नियमित नागरी विमानसेवा मात्र नाही. हिवाळ्यात हवाई दलाचं एएन-३२ जम्मू आणि श्रीनगरला फेऱ्या मारतं. लोक त्याला कारगिल कुरियर म्हणतात. जागा मोजक्या, वाट पाहणारे पुष्कळ, आणि हवामान बिघडलं की यादी तशीच पुढे सरकते. ज्याला नंबर लागत नाही तो २१५ किलोमीटर बर्फातून, ४,१०८ मीटरवरचा फोतुला ओलांडून लेहला येतो आणि तिथून दिल्लीचं तिकीट काढतो. त्यात गरोदर बायका असतात, डायलिसिसचे रुग्ण असतात, परीक्षेला निघालेली मुलं असतात. कारगिलला जाणारे पर्यटक बहुतेक द्रासचं युद्धस्मारक पाहून पुढे जातात. त्यांना तिथे विमानाने उतरायचं नसतं, म्हणून विमान कंपन्यांना तिथे बाजारपेठ दिसत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. दरी अरुंद, पट्टी लहान, डोंगर जवळ, आणि सगळं तोफांच्या पल्ल्यात. लष्कराचं विमान जे करू शकतं ते प्रवासी विमानाला करता येईलच असं नाही. पण २०२४ च्या जानेवारीत हवाई दलाने सी-१३० जे जातीचं मोठं मालवाहू विमान कारगिलच्या त्याच पट्टीवर रात्री उतरवलं. एवढी तयारी जिथे होऊ शकते, तिथे डिसेंबर ते मार्च एवढ्यापुरत्या तरी कुरियरच्या फेऱ्या दुप्पट करणं, रुग्ण आणि त्याच्यासोबतचं एक माणूस यांच्या जागा राखून ठेवणं, आणि लेहहून सुटणाऱ्या हिवाळी विमानांत लडाखच्या रहिवाशांसाठी भाड्याला वरची मर्यादा घालणं, एवढं आजच्या आज करता येण्याजोगं आहे. त्याला नवी धावपट्टी लागत नाही. सोनम नोरबूंना १९४८ मध्ये फावडी आणि टोपल्या मिळाल्या होत्या, आणि महिनाभर.